रेघेपलीकडची सावड

नॉर्वेलाच्या घरामागच्या काळ्या दगडावर लाल रंगाचा पट्टा मारलेला होता, आणि तो कशाचा हे कळेपर्यंत तिनं त्याच्यावर महिनाभर उशांचे अभ्रे वाळत घातले.

कळलं ते रेडिओवरून. सकाळची वेळ. ती चुलीपुढं बसून अळूचे कंद खरवडत होती, हाताला खाज सुटली होती, आणि बातम्या सांगणाऱ्या पोरीनं फोंसिरीक गावाचं नाव दोनदा घेतलं. एकदा एका मतदारसंघात, एकदा दुसऱ्यात. नॉर्वेलाला वाटलं, पोरगी चुकली. शहरातल्या पोरींना डोंगरातली गावं कुठं नीट माहीत असतात!

पोरगी चुकली नव्हती. वरली वाडी तोडून डोंगरापलीकडच्या बंदराच्या मतदारसंघाला जोडली होती. खालची वाडी होती तिथंच राहिली. बंदर दोन तासांच्या वाटेवर, तेही रस्त्यावर दरड नसेल तर. वरल्या वाडीतल्या बायकांनी तिकडचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. पण आता छप्पर उडालं, पोराची शाळेची मदत अडली, की तिकडच्याच आमदाराच्या दारात उभं राहायचं.

असं का केलं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. वरली वाडी पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या चिन्हाला मत द्यायची. मागच्या खेपेला होडीच्या चिन्हाचा, होडीवाल्यांचा माणूस कसाबसा निवडून आला होता. आता वरली मतं डोंगरापलीकडं जाऊन पडणार, जिथं होडीवाल्यांची तशीही आशा नव्हती. इकडं मात्र त्यांना रान मोकळं.

आणि रेघ कुठून गेली? नॉर्वेलाच्या नीरफणसाच्या मागून. काळ्या दगडावरून. तिचं घर खाली, तिची ब्वादेनची, तेलाच्या पाल्याची झाडं वर. गावाची तेलाची भट्टीही खाली.

दुसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन ओढ्यावर गेली तेव्हा बायका बोलता बोलता थांबल्या. झेफ्रिन नेहमीच्या खडकावर बसून चादर आपटत होती. नॉर्वेलाच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला झेफ्रिन धर्माची आई म्हणून उभी राहिली होती, आणि त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींना नावानं हाक मारली नव्हती. मकुमे म्हणायचं, बस्स. लेक आता बाळंतपणाच्या वयाची झाली, परदेशात गेली, पण ही हाक तशीच राहिली होती.

"मकुमे, ऐकलास का रेडिओ?"

झेफ्रिननं चादरीला पीळ दिला. "ऐकला, मादाम क्लेबर."

नॉर्वेलाच्या हातातला साबण निसटला. तो वाहत जाऊ लागला तसा एका पोरसवदा सुनेनं पकडून परत दिला, पण तिच्याकडं न बघता.

"दगड बरा फळला तुझा," झेफ्रिन म्हणाली. "आता कुंपण घालायला नको. सरकारनंच घातलं."

"माझा कुठला दगड? देवाचा आहे तो."

"मग लाल रंग देवानं मारला होय?"

एकदोघी हसल्या. नॉर्वेलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तो रंग मारणारी माणसं आली तेव्हा मी तुझ्याच रानात होते. तुझ्याच सावडीला. दिवसभर तुझा पाला कापला, तुझ्याच हंड्यातलं जेवले."

"तू होतीस गं," झेफ्रिन म्हणाली. चादर तिनं खांद्यावर टाकली, पाणी पाठीवरून निथळत राहिलं. "पण घरी कोण होतं?"

घरी नवरा होता, क्लेबर. पोटात कळ आहे म्हणून तो त्या दिवशी सावडीला आला नव्हता. नॉर्वेला धुणं तसंच अर्धं ओलं, अर्धं साबणाचं घेऊन घरी आली. येताना तिची नजर आपल्याच छपरावर गेली. नवे पत्रे उन्हात असे चमकत होते की वरल्या वाडीतून न बघणाऱ्यालाही दिसावेत.

फोंसिरीकमध्ये मजुरी देऊन कुणी पाला कापत नाही. ब्वादेनच्या फांद्या कोयत्यानं छाटायच्या, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून भट्टीपर्यंत आणायच्या, लवंगेच्या वासाचं तेल गाळायचं. एका घराच्या हातून हे होत नाही. म्हणून सावड. कुदमें म्हणतात तिकडं. ज्याचा पाला तयार होईल तो पहाटे शंख फुंकतो, गाव कोयते घेऊन येतं, यजमानीण हंडा चढवते. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं.

आणि सावडीचा हिशेब कधी पुरता फिटू द्यायचा नसतो. कुणाचा तरी दिवस कुणावर तरी ठेवायचाच. फिटाफिट झाली की नातं संपलं. नॉर्वेलाच्या सासूचं एकदा एका शेजाऱ्याशी वाजलं होतं. तिनं शिव्या दिल्या नाहीत. कोयता घेऊन गेली, त्याचा राहिलेला दिवस भरून आली, त्याच्या हंड्यातला एक घासही न खाता. त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही, आणि तोही समजला.

नॉर्वेलाचं रान सगळ्यात उंचावर, उभ्या चढाचं, त्यामुळं तिची पाळी नेहमी शेवटी. यंदाही तिचे सगळ्यांकडं हात लावून झाले होते. आता कोरडे दिवस संपत आले होते. पाऊस लागला की त्या उतारावरून बोजा घेऊन उतरता येत नाही, जळण भिजतं, पाल्यातलं तेल उतरतं. वर्षाचं मीठ-मिरची त्या पाल्यावर होतं. त्यात क्लेबर हात गळ्यात बांधून ओसरीवर बसलेला. पत्रे ठोकताना पडला आणि खांद्याचं हाड मोडलं.

संध्याकाळी डेल्टन आला. खालच्या वाडीतला दुकानदार, होडीवाल्यांचा गावातला माणूस. अंगातून नेहमी नव्या प्लॅस्टिकचा वास यायचा. न विचारता तो ओसरीच्या पायरीवर टेकला.

"काय मादाम क्लेबर, पाला कधी काढताय?"

"शंख वाजवीन तेव्हा."

"वरचे येतील?"

"दरवर्षी येतात."

"दरवर्षी रेघ नव्हती." तो हसला. "नाही आले तर काळजी करू नका. आपली माणसं आहेत."

"आपली म्हणजे कुणाची?"

डेल्टननं क्लेबरकडं बघितलं. क्लेबरनं अंगणातल्या कोंबडीकडं बघितलं. "क्लेबरनं आम्हाला एक दिवस दिलाय. आम्ही काय कुणाचा दिवस गिळत नाही. सावड म्हणजे सावड." उठताना त्यानं मान वर केली, छपरावर नजर फिरवली. "बरे बसलेत. वादळाला दाद द्यायचे नाहीत."

तो वळणाआड गेला. मग नॉर्वेलानं दिवा नवऱ्याच्या तोंडासमोर आणून ठेवला.

"पत्रे ग्वादलूप बेटावरून आले म्हणालास. भावानं पाठवले."

"भाऊ पाठवणारच होता."

"पाठवणार होता आणि पाठवले यात समुद्र आहे, क्लेबर."

क्लेबरनं दुखरा हात चोळला. "वादळाची मदत म्हणून दिले त्यानं. सगळ्यांनाच देणार म्हणाला."

"वर कुणाला दिले?"

त्यानं दिवा जरा बाजूला सरकवला.

"आणि दिवस कसला दिलास?"

मग हळूहळू बाहेर आलं, फोडातला पू यावा तसं. त्या दिवशी दोन माणसं आली होती, तीन पायांचं यंत्र आणि पट्ट्यापट्ट्यांची काठी घेऊन. क्लेबरला वाटलं रस्त्याची मोजणी. वर्षानुवर्षं सगळे रस्ता मागत होते. त्यांना धारेवर जायचं होतं, पण वादळानंतर धारेवर पातीचं गवत माजलेलं, अंग कापून निघतं. त्यांच्यापाशी साधा कोयतासुद्धा नव्हता. दारात आलेला माणूस काम करत असेल तर हात लावायचा, हे क्लेबरला आईनं शिकवलेलं. पोटातली कळ विसरून तो उठला, कोयता घेतला, आणि आपल्याच नीरफणसामागून, जिथं झुडूप विरळ होतं तिथून, त्यांना सरळ वाट पाडून दिली. दिवसभर. पैसे देत होते, घेतले नाहीत.

"शिवाय कोको पाजला त्यांना," तो म्हणाला. "तुझ्या डब्यातला चांगला."

"म्हणजे रेघ तू पाडलीस."

"मी वाट पाडली गं! रेघ त्यांच्या कागदावर आधीच असेल. नसेलही. मला काय दाखवून काढली त्यांनी? नंतर डेल्टन दुकानात म्हणाला, तुझा दिवस आमच्यावर राहिला. मी गमतीनं म्हणालो, मग फेडा. पुढच्याच आठवड्यात पत्रे आले."

"आणि तू घेतलेस."

"छप्पर गळत होतं, नॉर्वेला. तुझ्याच उशाशी गळत होतं."

ते खरं होतं. तिनं दिवा उचलला आणि आत गेली. अंथरुणावर पडून ती त्या कोरड्या छपराकडं बघत राहिली. नवरा खोटं बोलत नव्हता, असं तिला वाटलं. पण पत्र्यांच्या वेळीही तिला असंच वाटलं होतं.

शंख फुंकायचा की नाही, याचा विचार तिनं आणखी दोन सकाळी केला. तिसऱ्या सकाळी समुद्राकडून ढगांची करडी रांग दिसली आणि विचार संपला. अंधार विरायच्या आत तिनं हंडा चढवला. नीरफणसाच्या फोडी, अळूचे कंद, कच्ची केळी, खारा मासा, वरून नारळाचं दूध. हंडा तिनं सगळ्या गावापुरता चढवला, नेहमीएवढाच. कमी टाकलं असतं तर आपणच आधी हरलो असं झालं असतं.

मग सासूच्या वेळचा शंख घेऊन ती काळ्या दगडावर चढली आणि वरल्या वाडीकडं तोंड करून फुंकला. आवाज डोंगराला जाऊन आपटला, परत आला. कुत्री भुंकली. वर घराघरांतून धूर निघत होता, म्हणजे लोक उठलेले होते. तिनं पुन्हा फुंकला. गालफडं दुखेपर्यंत फुंकला. धारेवरच्या आंब्याखाली एक बाई येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. इतक्या लांबूनही उभं राहण्यावरून कळत होतं, झेफ्रिन. ती हलली नाही.

हलली ती खालची वाट. गलका करत, हसत माणसं वर येत होती. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे सदरे, छातीवर होडी. हातात नवेकोरे कोयते, धारेचा कागदसुद्धा काहींनी काढलेला नव्हता. सगळ्यांत मागं एक पोरगेला इसम फोन समोर धरून चालत होता, आणि पुढं डेल्टन.

"शुभ सकाळ, मादाम क्लेबर! बघा, एक फुंकर आणि आम्ही हजर."

क्लेबर ओसरीवर अर्धा उठला, पुन्हा बसला. त्याच्या तोंडावर सुटका झाल्याची कळा होती, आणि त्याच वेळी लाजही. एवढे हात! दुपारपर्यंत रान साफ झालं असतं. नॉर्वेलाला ते दिसत होतं. मोळ्या दिसत होत्या, भट्टीचा धूर दिसत होता, तेलाचे डबे दिसत होते. आणि धारेवरची बाईही दिसत होती.

सावडीला आलेल्याला यजमानीण आधी कोको देते. पेला हातात दिला की तो माणूस आपला. चुलीवर कोको तयार होता. डेल्टननं हात पुढं केला.

नॉर्वेलानं भांड्यावर झाकण घातलं. हंड्यावरही घातलं, आणि त्या झाकणावर पाटा ठेवला.

"हे काय?" डेल्टन म्हणाला.

"तू कशाला आलास?"

"दिवस फेडायला. सांगितलं होतं की."

"कुणाचा दिवस?"

"क्लेबरचा."

"मग क्लेबरला फेड. तो बघ बसलाय. हाड मोडलंय त्याचं. गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात ने, आणि फोटो काढायची एवढी हौस असेल तर त्याच्या खांद्याचा काढून आण."

मागून एकजण फस्सकन हसला. डेल्टननं वळून बघितलं तसं हसू विझलं.

"रान तुमच्या दोघांचं आहे."

"हंडा माझा आहे. माझ्या हंड्यातलं कुणी खायचं ते मी बघीन."

"पत्र्यांखाली झोपताना नाही विचारलंत कुणाचे ते."

हे लागलं. "आता विचारलं. तुझे आहेत, घेऊन जा. शिडी तिथं आहे. तिसऱ्या वाशावर जपून पाय ठेवा, तिथूनच पडला तो."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. डेल्टननं मान वर करून छपराकडं पाहिलं, मग वरल्या वाडीकडं, मग पुन्हा छपराकडं. आणि तो हसला.

"राहू देत," तो म्हणाला. "मतदान होईपर्यंत तरी राहू देत. लांबून छान दिसतात."

त्याच्या रागाला ती भिणार नव्हती. त्या हसण्याला मात्र ती भ्याली: पत्रे छपरावर असेपर्यंत वरल्या वाडीला ती होडीवाल्यांचीच दिसणार होती. ते लोक खाली उतरले, उतरताना तिच्या केळींवर उगाच कोयते चालवत.

"आता कापणार कोण?" क्लेबर म्हणाला.

तिनं डोक्याला फडकं बांधलं आणि कोयता घेऊन ती रानात चढली.

एकटीनं छाटताना आवाज फार होतो. सावडीत गाणी असतात, टोमणे असतात, कोयत्यांचा एक ताल लागतो. एकटीचा कोयता नुसता ठोकतो. ऊन वर आलं. घाम डोळ्यांत उतरला, पाल्याचं तेल हाताच्या भेगांत जाऊन झोंबू लागलं. तिनं चार मोळ्या बांधल्या आणि वर बघितलं. रान जसंच्या तसं उभं होतं. ढग तेवढे जवळ आले होते.

मग दुसरा कोयता ऐकू आला.

रानाच्या वरच्या टोकाकडून. सावकाश, एका मापाचा. नॉर्वेला फांद्या बाजूला सारत गेली. झेफ्रिन छाटत होती. वर बघितलंही नाही.

"आलीस," नॉर्वेला म्हणाली.

"तुझा एक दिवस आहे माझ्याकडं. परक्या मतदारसंघातल्या बाईचा दिवस घरात कशाला ठेवायचा?"

फिटाफिट करायला आली होती. सासूसारखी. माणसं न येणं परवडलं असतं, हे नको होतं. पण सावडीला आलेल्याला परत पाठवता येत नाही. सकाळी पाठवलं होतं, दोनदा पाठवायची तिच्यात ताकद नव्हती.

दोघी छाटत राहिल्या. मध्ये दोन ओळी झाडं. थोड्या वेळानं झेफ्रिनची सून आली, तीच साबण पकडणारी, आणि मोळ्या उचलून खाली नेऊ लागली. तिच्यामागून वरल्या वाडीतली आणखी दोघं. कुणी शुभ सकाळ म्हटलं नाही. रेघेचा दगड ओलांडताना एकानं त्यावर थुंकलं, आणि मोळी भट्टीवर टाकून पुन्हा वर आला.

दुपारी नॉर्वेलानं हंडा रानात आणवला. सून आणि मोळ्या वाहणारी ती दोघं जेवली. झेफ्रिननं कमरेची पुरचुंडी सोडली. केळीच्या पानात दोन उकडलेली केळी, नुसती. ती पाठ करून चावत बसली. नॉर्वेलानं आपलं पान तसंच बाजूला सारलं.

"पत्रे कुणाचे?" झेफ्रिननं पाठमोरीच विचारलं.

"डेल्टनचे."

"भावाचे म्हणत होतीस."

"मला तसंच सांगितलं होतं. तीन दिवसांखाली कळलं."

"आणि वाट क्लेबरनं पाडून दिली. आमच्या पोरानं धारेवरून बघितलं होतं."

"पाडून दिली. रस्त्याची मोजणी समजून. रेघ आधीची का त्याच्या कोयत्याची, हे त्यालाही माहीत नाही."

झेफ्रिननं केळीचं साल लांब फेकलं. "तुझा विश्वास बसतो?"

"नवरा आहे," नॉर्वेला म्हणाली. "अर्धा बसतो."

"माझा तेवढाही बसत नाही." ती उठली, कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपली. "उन्हं उतरायच्या आत ही ओळ संपवू."

ओळ संपली. अर्धं रान तरीही उभंच राहिलं, ते पावसानं खाल्लं तर खाल्लं. शेवटची मोळी खाली आली तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. सावडीचा दिवस तिथं संपतो. सून आणि ती दोघं वर निघून गेली.

भट्टीवर म्हातारा पा तिबो जाळ घालायला बसला होता. "पाला तुडवायला कोण आहे?" त्यानं विचारलं. पाला भट्टीच्या पिंपात भरताना पायांनी दाबून दाबून भरावा लागतो, नाहीतर वाफ नुसती निसटते. ते काम दरवर्षी क्लेबरचं. एका माणसानं पाला टाकायचा, दुसऱ्यानं आत उभं राहून तुडवायचा.

नॉर्वेला मोळ्या सोडू लागली. झेफ्रिनकडं आणखी हात मागता आला नसता. झेफ्रिननं कोयता गवताला पुसला, फडक्यात गुंडाळला, आणि ती वाटेला लागली. नॉर्वेला तिची पाठ बघत राहिली. नीरफणस, कोंबड्यांचं खुराडं, काळा दगड. दगडापाशी झेफ्रिन थांबली. लाल पट्ट्याकडं बघत उभी राहिली, जणू तो तिथं असल्याचं आत्ताच कळलं.

मग तिनं कोयता दगडावर ठेवला आणि ती परत आली. लुगडं खोचावं तसा घागरा तिनं गुडघ्यांवर खोचला, पा तिबोच्या खांद्याचा आधार घेतला, आणि पिंपात उतरली.

"टाक," ती म्हणाली.

नॉर्वेलाच्या हातात पाल्याचा भारा होता, तो तसाच राहिला. "दिवस संपला, झेफ्रिन. तुझ्याकडचा फिटला."

"मला दिसतंय सूर्य कुठं गेलाय ते."

"मग हे?"

"हे तुझ्यावर." ती पाय दाबू लागली, एक, मग दुसरा. पाल्यातून लवंगेचा वास वर उसळला. "पळून कुठं जाणार आहेस? टाक म्हटलं ना."

नॉर्वेलानं भारा टाकला. मग दुसरा. तिचे डोळे चुरचुरत होते, जाळाच्या धुरानं म्हणायला हरकत नव्हती.

"कधी फेडू?"

"शंख द्यायचास माझ्याकडं. मी फुंकीन तेव्हा यायचं. तुझ्या त्या पत्र्यांवर पाऊस वाजत असला तरी ऐकू आलं पाहिजे."

"येईल ऐकू."

"बघू. आणि पत्र्यांचं मी पुन्हा विचारणार आहे. क्लेबरला. तुझ्यासमोर."

"विचार."

पिंप भरलं. झेफ्रिन वर आली, पोटऱ्यांपर्यंत हिरवी झालेली. पा तिबोनं झाकण लावून मातीनं सांधे लिंपले आणि जाळ पुढं सारला. पहिले थेंब हातांवर पडले, समुद्रावरून, मोठे आणि गार. भट्टीच्या फुटक्या छपराखाली तिघं सरकून बसली. दुपारचा हंडा तिथंच होता, निवलेला. झेफ्रिननं झाकण उचललं, तेलकट बोटांनी नीरफणसाची एक फोड काढली, तोंडात टाकली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि दुसरी उचलली.